स्वयंपाकघरातलं स्टूल आणि वर्षभराचं वाचन

उंबरठा

वर्ष संपत आलं की लोक वाचलेल्या पुस्तकांची यादी करतात. माझी यादी चौदाची आहे आणि ती चौदाही पुस्तकं मी स्वयंपाकघरात वाचली, तीसुद्धा मोठ्यानं. त्यामुळे धागा घर-सजावटीत टाकावा की वाचनात, यावर दहा मिनिटं घालवली. चुकीच्या जागी पडला असेल तर संपादकांनी खुशाल हलवावा.

सुरुवात झाली आईच्या गुडघ्यापासून. ती ओट्यापाशी तासन्‌तास उभी असते, म्हणून मी एक उंच स्टूल आणलं. आई म्हणाली, "बसून का कधी स्वयंपाक होतो?" स्टूल गेलं खिडकीखाली. त्यावर आधी रद्दी आली, मग वाळलेली फडकी, मग बरण्या हरवलेली झाकणं. महिन्याभरानं चिडून मी सगळं उचललं आणि स्वतःच बसले. हातात कित्येक दिवस अर्धवट राहिलेली कादंबरी होती.

तोवर आमचं स्वयंपाकघर म्हणजे पाणी प्यायला जायची जागा. आत आलेल्या माणसाला उभं कुठे राहावं तेच कळत नसे. फ्रिजला टेकावं तर फ्रिज उघडायचा असतो, सिंकपाशी थांबावं तर काही धुवायचं असतं. "काय चाललंय" एवढं विचारून माणूस बाहेर. इतकी वर्षं मला वाटायचं की खोली अंधारी आहे, टाइल्स जुन्या आहेत, म्हणून कोणी थांबत नाही. दोन वेळा रंग बदलून झाला. थांबत नव्हतंच कोणी.

तर मी बसले. आई चिरत होती. "एवढं काय वाचतेस गं?" मी एक परिच्छेद वाचून दाखवला. तो संपल्यावर ती म्हणाली, "मग?"

त्या "मग?"वर वर्ष गेलं.

नंतर स्वयंपाकघरात काही बदल झाले, पण ते सजावट म्हणून नाही. वाचणाऱ्याला दिसेना म्हणून खिडकीवरचा जाड पडदा काढला. स्टूलपाशी हात पोचेल अशी खुंटी ठोकली, तिला कापडी पिशवी, पिशवीत चालू पुस्तक. ओट्यावर एक हातभर जागा रिकामी ठेवायची, तिथे डबा किंवा मिक्सर ठेवायचा नाही. या एका नियमावरून घरात जेवढी भांडणं झाली तेवढी रंगावरूनही झाली नव्हती. भाऊ आला की आता आधी त्या रिकाम्या जागेवर कप ठेवतो आणि मग स्टूलवरून मला उठवतो.

तुमच्याकडे असं काही आहे का? आणि मोठ्यानं वाचण्यासारखं काय वाचावं, सुचवा. नावं नकोत, प्रकार सांगा. आईची आवड नावावरून ठरत नाही.

---

रिकामी बरणी

काय सुरेख लिहिलंय ताई. आमच्याकडे उलटं आहे. स्वयंपाकघर इतकं देखणं केलंय की सासूबाई आणि मी दोघीही तिथे बिचकत वावरतो. पांढरे खण, हँडल नसलेले. एक बोट लागलं तरी दिसतं.

---

तिसरा मजला

घरांच्या आतल्या आखणीचं काम करतो, म्हणून राहवत नाही.

तुमच्या स्टूलला फार जुना पूर्वज आहे. १९२६ साली फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटर, आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघरावरून घेतलेली कल्पना. अशी सुमारे दहा हजार बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याचं मूळ तिथे सापडतं. त्यात खिडकीपाशी कामाची जागा होती आणि तिथे बसून काम करायला एक फिरतं स्टूल होतं. म्हणजे "बसून का कधी स्वयंपाक होतो" याचं उत्तर जवळपास शंभर वर्षांपूर्वी देऊन झालंय. आईंना सांगा.

पण त्याच आखणीवर नंतर टीका झाली ती तुमच्याच मुद्द्यावरून. खोली एका माणसाच्या पावलांवर मापलेली. दुसरा माणूस आला की दोघांचीही अडचण. काम करणारी बाई आत एकटी आणि घर बाहेर. पावलं वाचली, माणसं तुटली.

पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून 'कामाचा त्रिकोण' आला. शेगडी, सिंक, फ्रिज यांतलं प्रत्येक अंतर ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज २६ फुटांच्या आत. आम्ही अजूनही त्याचा आधार घेतो. पण गिऱ्हाईक येतं तेव्हा मी आधी विचारतो, "कोणी गप्पा मारायला आलं तर ते कुठे बसेल?" बहुतेक वेळा समोरचे एकमेकांकडे बघतात. त्रिकोणाच्या बाहेर पण आवाजाच्या आत एक जागा लागते. तुमची खिडकीखालची जागा नेमकी तशी दिसते आहे.

---

शाईचा डाग

@तिसरा मजला, त्या बाई स्वतः उत्तम स्वयंपाक करत असतील ना?

---

तिसरा मजला

छे. ती आखणी करेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता, असं त्यांनीच सांगितलंय. १०२ वर्षं जगल्या आणि लोक आयुष्यभर त्यांना त्या एकाच स्वयंपाकघराबद्दल विचारत राहिले, याचा त्यांना वैताग यायचा.

---

रिकामी बरणी

हे वाचून बरं वाटलं. आमचे पांढरे खण आखणाऱ्यानंही कधी काही तळलं नसावं.

---

गच्ची

सगळ्यांचं कौतुक चाललंय त्यात थोडा विरजणाचा थेंब टाकतो. पुस्तकं आणि स्वयंपाकघर यांचं जमत नाही. मी हौसेनं शेगडीच्या बाजूला पुस्तकांचा कप्पा केला होता. दीड वर्षात वरच्या कडा चिकट झाल्या, त्यावर धूळ बसली आणि ती पुसली की कागदात मुरते. तळणातून उडणारं तेल डोळ्यांना दिसतं त्याहून कितीतरी बारीक असतं आणि लांबवर जातं. वाफ वेगळीच. हवेतला ओलावा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की बुरशीची तयारी सुरू होते, आणि स्वयंपाक चालू असताना तेवढा ओलावा सहज होतो. वर झुरळं आणि कसर. बाइंडिंगच्या खळीत पिष्ट असेल तर त्यांची मेजवानीच.

माझी तीन चांगली पुस्तकं गेली. त्यातलं एक दुसऱ्याचं होतं.

---

उंबरठा

@गच्ची, तुमचं पटतं. म्हणूनच आमच्याकडे कप्पा नाही, पिशवी आहे. एका वेळी एकच पुस्तक आत येतं, ते संपलं की कपाटात जातं आणि दुसरं येतं. खुंटी शेगडीच्या उलट बाजूला. फ्रिजवर ठेवायचा मोह होतो, पण तिथे गरम असतं आणि तेलाचा थरही तिथेच सगळ्यात जाड. (एकदा फ्रिजच्या वर बोट फिरवून बघा. मी बघितलं आणि तो रविवार गेला.)

आणखी एक, वाचनालयाचं पुस्तक पिशवीत येत नाही. हा नियम अनुभवातून आलाय, तपशील विचारू नये.

---

जाड भिंग

मला आकडेमोडीचं वेड आहे, माफ करा.

मनात वाचण्याचा मोठ्या माणसांचा वेग इंग्रजीत मिनिटाला सरासरी २३८ शब्द आणि मोठ्यानं वाचण्याचा १८३, असं २०१९ मध्ये बऱ्याच जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन काढलंय. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द, म्हणून आपला आकडा कमी धरायला हवा. मिनिटाला १२० धरू. रोज वीस मिनिटं म्हणजे २४०० शब्द. साठ हजार शब्दांची कादंबरी २५ दिवसांत. वर्षाला १४.६ कादंबऱ्या.

तुमचा आकडा १४. कमाल आहे. एकही दिवस चुकला नाही?

---

उंबरठा

पुष्कळ चुकले हो. पण काही पुस्तकं बारीक होती, आणि काही दिवशी आई "अजून एक" म्हणाली. शिवाय तीन पुस्तकं अर्धवट सोडली, ती मोजली नाहीत. त्यातलं एक आईनं बंद पाडलं, "यातली माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, नुसती विचार करतात."

गेली कित्येक वर्षं मी जानेवारीत पन्नासचा संकल्प करायचे. पन्नास गाठायला बारीक पुस्तकं शोधायचे, शेवटच्या आठवड्यात तर पानांची संख्या बघून निवडायचे. एका वर्षी ४७ झाली. त्यातली आज आठवायला बसले तर दहाच्या पुढे जात नाही. या चौदातलं प्रत्येक आठवतं, आणि ते वाचताना शेगडीवर काय होतं तेही.

---

मधलं पान

वाचतेय. एक शंका. ऑडिओबुक का नाही? हात मोकळे राहतात, वाचणाऱ्याला दिसायला हवं ही भानगड नाही, आणि वाचणारा कलाकार असतो. मी वर्षात ३१ ऐकली.

---

उंबरठा

@मधलं पान, महिनाभर करून बघितलं. आई मधेच म्हणते, "थांब, हा कोण? तो मघाचाच का?" कलाकार थांबत नाही. ओल्या हातानं फोन चाचपून मागे घ्यायचं, तोवर तिचा प्रश्न विसरलेला असतो. मी वाचते तेव्हा ती सुरी वर धरते. ती वर दिसली की मी थांबते. आमची पॉज करायची पद्धत हीच.

आणि कलाकार गाळत नाही. मी सुरुवातीला निसर्गवर्णनं गाळायचे. चौथ्या दिवशी पकडलं तिनं. "आत्ता डोंगरावर होता ना? खाली कधी आला?"

---

शाईचा डाग

ते सुरी वर धरणं भारी आहे.

यावरून आठवलं. क्यूबामध्ये सिगार वळणाऱ्या कारखान्यांत वाचून दाखवणारा माणूस ठेवण्याची पद्धत १८६५ पासून आहे. हात कामात, कान मोकळे. त्याला 'लेक्टोर' म्हणतात. सुरुवातीला त्याचा पगार मालक देत नसे, कामगार वर्गणी काढून द्यायचे आणि काय वाचायचं तेही बरेचदा तेच ठरवायचे. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. वर्षभरातच सरकारनं बंदी आणली होती, कामगारांच्या डोक्यात नको ते शिरतंय म्हणून. बंदी टिकली नाही, पद्धत टिकली.

तर ताई, तुम्ही लेक्टोर आहात. वर्गणी मागा.

---

उंबरठा

वर्गणी मिळते. पहिला घास चाखायला.

---

तिसरा मजला

दिव्याबद्दल कोणी बोललं नाही अजून. दिवसा खिडकी आहे, पण संध्याकाळी?

बहुतेक स्वयंपाकघरांत दिवा छताच्या मध्यावर असतो. ओट्यापाशी उभं राहिलं की तो पाठीमागे येतो आणि आपलीच सावली चिरायच्या फळीवर पडते. मग लोक आणखी मोठा दिवा लावतात, सावली आणखी गडद होते. उपाय साधा आहे. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला पट्टीचा दिवा. मागच्या भिंतीला चिकटवला तर टाइल्स चमकतात आणि डोळ्यांवर येतात.

रंग ३००० केल्विनच्या आसपास घ्या. ६५०० वाला पांढराफेक असतो, त्याच्याखाली कोणीही आजारी दिसतं आणि ताटातलंही. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो ९० च्या वर असेल तर टोमॅटो लाल दिसतो. वाचणाऱ्यासाठी स्टूलवर वेगळा छोटा दिवा, वेगळ्या बटणावर. काम संपल्यावर मोठा दिवा बंद करून तो एकच चालू ठेवून बघा. तीच खोली निराळी वाटते.

---

रिकामी बरणी

हा शेवटचा उपाय आत्ताच करून आले. टेबलावरचा दिवा उचलून ओट्यावर ठेवला, बाकी बंद. मुलगा त्याची वही घेऊन आत आला. त्याला काही बोलले नव्हते. पांढऱ्या खणांवर आता पेन्सिलीची एक रेघ आहे. मी पुसली नाही. सासूबाईंनी पुसली.

---

गच्ची

माझा दुसरा विरजणाचा थेंब: आवाज. चिमणी चालू असताना काय ऐकू येतं तुमच्या आईंना? आमची पूर्ण वेगावर असली की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. आणि बंद ठेवली तर धूर छातीत.

---

उंबरठा

हा प्रश्न आम्हाला वर्षभर पुरला.

आता असं करतो. शेगडी पेटवायच्या आधीच चिमणी कमी वेगावर लावायची, म्हणजे हवा आधीच वर चढायला लागते. जास्त धुराचं काम मागच्या बर्नरवर. मागच्या बर्नरचा धूर चिमणी चांगला पकडते, पुढचा निसटतो. काम संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू. जाळ्या दर महिन्याला गरम पाण्यात. त्या तुंबल्या की आवाज वाढतो आणि ओढ कमी होते. आधी आम्ही वेग वाढवत बसायचो, खरं तर जाळी धुवायला हवी होती.

आणि तळण-परतण चालू असताना वाचतच नाही. वाचायचा वेळ म्हणजे निवडणं, चिरणं, मळणं, पाणी उकळायची वाट बघणं आणि कुकरची वाफ जिरेपर्यंतची दहा मिनिटं. ती दहा मिनिटं सगळ्यात चांगली. तेव्हा कोणालाच काही करता येत नाही. एक अख्खं प्रकरण बसतं त्यात.

फक्त दूध तापत असताना वाचायचं नाही. चार वेळा उतू गेलं. पाणी उकळलं तर बुडबुडे फुटून जातात, पण दुधावर प्रथिनांची आणि स्निग्धाची साय धरते आणि वाफ तिच्याखाली कोंडते. मग ती एकदम उचलली जाते. डाव आडवा ठेवला तर थोडा वेळ मिळतो, पण रहस्यकथेपुढे डावाचंही काही चालत नाही.

---

जाड भिंग

मग कुठला प्रकार मोठ्यानं वाचायला सगळ्यात बरा, हे सांगितलंच नाही तुम्ही. विचारत मात्र होतात.

---

उंबरठा

खरंच की. माझ्यापुरतं सांगते.

पत्रं. पत्रसंग्रहासारखं दुसरं काही नाही. एकेक पत्र एका कामात बसतं, दोन दिवस खंड पडला तरी धागा तुटत नाही, आणि लिहिणारा कोणाशी तरी बोलतच असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला अभिनय करावा लागत नाही. आई पत्रांना उत्तरं द्यायची, मोठ्यानं. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला "अरे, डॉक्टरला दाखव आधी" म्हणाली होती.

प्रवासवर्णनं चालतात. आत्मचरित्रं बालपण संपेपर्यंत चालतात. पुढे सगळे मोठे होतात आणि सभांना जायला लागतात.

रहस्यकथांबद्दल माझा अंदाज चुकला. वाटलं होतं त्याच सगळ्यात रंगतील. आई तिसऱ्या प्रकरणात खुनी सांगायची आणि तिचा रस संपायचा. मी उरलेलं एकटीनं झोपायच्या खोलीत वाचायचे आणि ती बरोबर निघायची. इतिहास वाचताना सनावळी कानात राहत नाही. चार घराण्यांचे सहा राजे झाले की सुरी वर.

लांब वाक्यांचे लेखक मनात वाचताना मला फार आवडायचे. मोठ्यानं वाचताना दम लागला. तेव्हा कळलं की त्यातल्या काहींची वाक्यं लांब असूनही श्वासाला जागा ठेवतात आणि काहींची नुसतीच लांब असतात. हा फरक मला आधी कधी दिसला नव्हता.

कविता मी घाबरत आणली. पाणी उकळेपर्यंत एक. ती "परत" म्हणाली. पाणी आटलं.

---

मधलं पान

मी माझं वाक्य मागे घेते, ऑडिओबुकवालं. म्हणजे ऐकेन, पण ३१ हा आकडा परत कोणाला सांगणार नाही.

---

शाईचा डाग

स्टूल किती उंचीचं? आणि पाठ असलेलं की नुसतं? आम्ही उद्याच आणतोय. घरी "वाचायला कोण बसणार" यावरून वाद चालू आहे.

---

तिसरा मजला

ओटा ९० सेंमीचा धरला तर बैठक ६० ते ६५ वर हवी. ओट्याचा वरचा भाग आणि बैठक यांच्यात २५ ते ३० सेंमी राहायला पाहिजेत. दुकानात उंच स्टूल म्हणून जी ७५ सेंमीची मिळतात ती बारच्या उंचीची असतात, ओट्याला घेतली तर मांड्या अडकतात. पाय टेकवायला आडवी पट्टी हवीच. वीस मिनिटं पाय लोंबकळत ठेवून कोणी वाचणार नाही.

---

उंबरठा

आमचं ६३. पाठ नाही. पाठ हवी होती असं आता वाटतं, पण पाठ असती तर ते भिंतीला टेकवता आलं नसतं.

आई अजूनही बसत नाही, असं मी कालपर्यंत लिहिलं असतं. काल दुपारी बाहेरून आले तर पिशवीतल्या पुस्तकात खूण सहा पानं पुढे होती. मी नेमकी कुठे थांबले होते ते मला पक्कं माहीत आहे, कारण एक पात्र जिन्यात उभं होतं आणि मला ते तसंच सोडून जावं लागलं होतं. स्टूलही खिडकीकडे वळलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, "वारा असेल."

---

जाड भिंग

खिडकी उघडी होती का?

---

उंबरठा

नव्हती.

---

रिकामी बरणी

म्हणजे आता ती सहा पानं तुम्ही गाळणार की परत वाचणार?

---

उंबरठा

वाचली ना आज. तो जिन्यातून वर गेला आणि दार उघडलं तेव्हा ती सुरी वर धरून म्हणाली, "अगंबाई!"